हीटरराव, एकदा रिफर यार्डात या

न्हावा शेवा,
ता. उरण, जि. रायगड

रा. रा. हीटरराव यांस,



पत्र खुले लिहितो आहे, कारण तुमचा गुन्हाही राजरोस चालतो. न्हाणीघरात गीझर, बादलीत रॉड, परदेशात भिंतीला पॅनेल, आजारी माणसाच्या पलंगाशेजारी ऑइल हीटर. नावे कितीही बदला, पोटात तीच नायक्रोमची कॉइल आहे. तिच्यातून वीज सोडायची, ती लाल करायची आणि जगाला ऊब दिल्याचा दिमाख मिरवायचा, हा तुमचा धंदा. एवढ्यावर थांबला असतात तर मी कागद हातात घेतला नसता. पण धंदा टिकावा म्हणून तुमच्या गोटातून एक थाप पसरवली जाते: ‘हीट पंप थंडीत चालत नाही.’ ही थाप मी पनवेलच्या दुकानात ऐकली, नाशिकच्या प्लंबरच्या तोंडून ऐकली, परदेशी गेलेल्या नातलगांच्या फोनवरही ऐकली. दर वेळी डोक्यात तिडीक जाते. कारण मी ज्या यार्डात काम करतो, तिथे ही थाप दिवसाढवळ्या, उघड्यावर, रात्रंदिवस खोटी ठरत असते.

मी रिफर मेकॅनिक. न्हावा शेव्याचे बंदर २६ मे १९८९ ला सुरू झाले, आणि तेव्हापासून उरण-पनवेल पट्ट्यातल्या हजारो घरांची चूल कंटेनरवर पेटते. त्यातला रिफर म्हणजे एका टोकाला यंत्र असलेला कंटेनर, बहुधा पांढरा, चाळीस फुटी. जानेवारी ते एप्रिल त्यात बसून निफाड-दिंडोरीची द्राक्षे रॉटरडॅमला जातात, शून्य अंशाच्या आसपास. कोळंबी, मासळी, म्हशीचे मांस जाते ते उणे १८ वर किंवा त्याहून खाली. यार्डात आला की प्लग पॉइंटला लावायचा, रस्त्यावर असला की जेनसेटवर. सेट पॉइंट बघायचा, गॅस बघायचा, बर्फ धरत असेल तर डिफ्रॉस्ट नीट होतो की नाही ते बघायचे. हे आमचे रोजचे.

आता मे महिन्यातली दुपार धरा. पायाखालचे डांबर मऊ झालेले, खाडीवरून येणारा वारा ओलसर, पारा पस्तीसच्या आसपास. कोळंबीचा रिफर प्लगवर आहे आणि डिस्प्लेवर उणे १८ दिसते आहे. यंत्राच्या जाळीसमोर उभे राहा. कंडेन्सरचा पंखा तोंडावर झळ फेकतो. घामाने भिजलेला रुमाल त्या झळीत धरला तर बघता बघता वाळतो. आणि तिथून हातभर अंतरावर सक्शनच्या पाइपावर पांढरा बर्फ धरलेला असतो. हीटरराव, ही झळ आली कुठून? थोडी कॉम्प्रेसर आणि पंख्यांनी खाल्लेल्या विजेची. बाकीची आली गोठलेल्या कोळंबीच्या खोक्यातून. उणे १८ अंशांतून!

आता तेच खोके आतून बाहेर उलटे करा. खोक्याच्या आतली थंडी म्हणजे उत्तरेकडच्या देशातला हिवाळा, आणि बाहेरचे तापलेले यार्ड म्हणजे तिथल्या घराची खोली. यंत्र तेच, गॅस त्याच घराण्यातला, काम तसूभरही वेगळे नाही: थंड जागेतून उष्णता काढायची आणि गरम जागेत टाकायची. ओस्लोतल्या घराला उणे १० च्या अंगणातून उष्णता काढून २१ अंशांच्या खोलीत सोडायची असते. चढ ३१ अंशांचा. माझ्या यार्डात उणे १८ मधून काढून ३५ च्या हवेत फेकायची असते. चढ ५३ अंशांचा. म्हणजे नॉर्वेच्या थंडीत ज्या यंत्राला धाप लागते असे तुम्ही सांगत फिरता, ते यंत्र न्हावा शेव्यात भर उन्हात त्याच्या दीडपटीहून उंच चढण चढते, तेही आठवडेच्या आठवडे, जहाजावर समुद्राचा मारा खात. आणि ते बंद पडले तर निर्यातदाराचा लाखो रुपयांचा माल सडतो, म्हणून कोणी ते बंद पडू देत नाही. थाप मारायला तुम्हाला दुसरा जिल्हा मिळाला नाही का?

तुमचा एक हुकमी प्रश्न मला पाठ आहे: ‘उणे १८ मध्ये कसली आली उष्णता?’ आली आहे, भरपूर आली आहे. आपण पाणी गोठते त्या खुणेला शून्य म्हणतो, ही आपली सोय झाली. उष्णतेचे खरे शून्य उणे २७३ अंशांवर आहे. तिथवर जाईपर्यंत प्रत्येक हवेत, प्रत्येक पाण्यात, प्रत्येक मातीत उष्णता असतेच. फक्त ती आपल्या अंगाला लागत नाही. गॅसला लागते. साध्या हवेच्या दाबाखाली प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, आर-३२ उणे ५२ च्या आसपास. उणे २० ची हवा त्यांना उकळायला पुरेशी गरम आहे. उकळताना ते त्या हवेतली उष्णता पोटात घेतात, कॉम्प्रेसर त्यांना दाबतो, दाबले की ते तापतात, आणि घरात येऊन ती उष्णता सोडतात. मग झडपेतून दाब उतरवायचा आणि पुन्हा बाहेर पाठवायचे. बास, एवढेच.

शेतकऱ्याला हे चटकन कळते, तुम्हालाच कळत नाही. विहिरीवरची मोटार पाणी तयार करत नाही, खालचे पाणी वर आणते. पाच एचपीच्या मोटारीने वीज जाळून पाणी बनवायचे ठरवले असते तर महाराष्ट्रात एक वाफाही भिजला नसता. हीट पंप उष्णता वर आणतो. तुम्ही मात्र शेजारी भरलेली विहीर असताना थेंबन्‌थेंब विजेपासून बनवत बसता आणि बिल आमच्या नावाने फाडता.

तुमचा हिशेब अगदी सरळ आहे. विजेचे एक युनिट घेता, उष्णतेचे एक युनिट देता. त्यावर छाती फुगवून म्हणता, ‘मी शंभर टक्के कार्यक्षम.’ दुकानदार हेच वाक्य गिऱ्हाइकाला ऐकवतो आणि गिऱ्हाईक मान डोलावते. शंभरच्या वर काही असू शकते हे त्याला कोणी सांगतच नाही. हीट पंप एक युनिट वीज घेतो, बाहेरून दोन-तीन युनिट उष्णता उपसतो आणि दोन्ही मिळून तीन-चार युनिट घरात देतो. थंडी वाढली की उपसा कमी होतो, हे खरे. पण हिशेबाची मेख बघा: त्याने घेतलेली वीज शेवटी उष्णताच होते आणि त्यावर उपसलेली उष्णता मिळते. कितीही कमी उपसली तरी ती बेरीजच आहे. म्हणजे तो अगदी दमला, थकला, टेकीला आला तरी फार तर तुमच्या बरोबरीला येईल. तुम्ही तुमच्या सर्वोत्तम दिवशी जिथे असता, ती त्याची सर्वांत वाईट अवस्था आहे.

आणि ते गीझरवरचे तारे. बीईईचे (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) लेबल बघून लोक समजतात की पाच तारे म्हणजे पाणी तापवायला वीज कमी. ते तारे टाकीत साठवलेले गरम पाणी उभ्या उभ्या किती उष्णता गमावते, यावर मिळतात. टाकीच्या भोवतीचे फोम चांगले असेल तर तारे जास्त. आतली कॉइल एकताऱ्याच्या गीझरमध्येही एकास एक आणि पाचताऱ्याच्याही एकास एक. टाकीने मिळवलेले तारे स्वतःच्या छातीवर लावून फिरणे तुम्हाला शोभत नाही. उलव्यात टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यावरचे गीझर मी उघडून पाहिले आहेत. कॉइलवर क्षारांचा पांढरा, अंड्याच्या टरफलाहून जाड थर बसलेला, कॉइल आतल्या आत भाजून निघालेली, थर्मोस्टॅट सारखा कट होतो आहे. घरातल्या माणसांना वाटते, थंडी वाढली म्हणून पाणी तापत नाही.

वयाचा मुद्दाही काढता तुम्ही. हीट पंप म्हणे नवे खूळ, अजून सिद्ध व्हायचे आहे. जरा जन्मतारखा बघू या. १८५२ मध्ये विल्यम थॉमसनने, ज्याला पुढे लॉर्ड केल्विन म्हणू लागले, कागदावर दाखवून दिले की इंधन थेट जाळण्यापेक्षा त्यावर यंत्र चालवून बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणली तर इमारत कमी इंधनात ऊबदार होईल. त्याच दशकात ऑस्ट्रियाच्या पेटर फॉन रिटिंगरने एबेनझेच्या मिठाच्या कारखान्यात हे प्रत्यक्ष उतरवायला घेतले. उकळत्या खाऱ्या पाण्याची वाफ वाया जाऊ द्यायची नाही, ती दाबायची, दाबून तापली की तिच्यावरच पुढचे खारे पाणी उकळायचे. मिठासाठी जाळायच्या लाकडाची टंचाई होती, त्यातून हे सुचले. उरणच्या माणसाला ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. आमची मिठागरे उन्हावर चालली, आम्हाला लाकूड जाळावे लागले नाही. ज्यांच्याकडे असे ऊन नव्हते त्यांनी हा मार्ग शोधला, आणि जगातले पहिले कामाचे हीट पंप मिठासाठी लागले. आमची बरीचशी मिठागरे बंदराच्या आणि गोदामांच्या भरावाखाली गेली, आणि त्याच भरावावर आज त्याच तत्त्वाची यंत्रे ओळीने उभी असतात. तुमची नायक्रोमची तार? अल्बर्ट मार्शला तिचे पेटंट मिळाले १९०६ मध्ये. हीट पंपाचा विचार तुमच्या या तारेहून अर्धशतकाने थोरला आहे. झुरिकच्या नगरभवनात १९३८ साली हीट पंप बसला, लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता काढणारा. झुरिकचा हिवाळा काही उरणसारखा नसतो.

तुमच्या थापेत कणभर सत्य आहे, ते मी लपवत नाही. जुनी, स्वस्त, एकाच वेगाने चालणारी यंत्रे कडक थंडीत ढेपाळायची. आपल्याकडे दिल्ली-चंदीगडला ‘हॉट अँड कोल्ड’ म्हणून विकले जाणारे काही एसी बाहेर शून्याच्या आसपास गेले की हात वर करतात, कारण ते त्या हवेसाठी बनवलेलेच नसतात. बाहेरच्या कॉइलवर बर्फ साचतो, तो वितळवायला यंत्राला मधूनमधून काही मिनिटे उलटे फिरावे लागते. हे आम्हा रिफरवाल्यांना सवयीचे आहे, डिफ्रॉस्टशिवाय आमचा दिवस जात नाही. उणे २५ ला चांगल्या यंत्रातही विजेच्या एका युनिटामागे मिळणारी उष्णता दीड-दोन युनिटांवर उतरते. पण दीड-दोन म्हणजे एकापेक्षा जास्तच ना? आणि उणे १० च्या आसपास चांगले यंत्र दोनाहून अधिक देते. हे प्रयोगशाळेबाहेर, राहत्या घरांत मोजलेले आहे. गरजेप्रमाणे वेग बदलणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आला, मधल्या टप्प्यावर गॅस आत सोडण्याची युक्ती आली, आणि जुनी रड संपली. यंत्राचा आकार घराच्या मापाने निवडावा लागतो आणि घराच्या फटी बुजवाव्या लागतात. त्या तर तुमच्यासाठीही बुजवायला हव्यात. तुमची ऊब काय फटीतून जात नाही?

माझी भाची नॉर्वेत राहते. पहिल्या हिवाळ्यात तिने फोटो पाठवला. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत भिंतीवर आपल्याकडे असतो तसाच स्प्लिट एसी. तिने विचारले, ‘मामा, या थंडीत ही माणसं एसी कशाला लावतात?’ मी म्हटले, तोच तुझा हीटर आहे, फक्त गॅसची दिशा फिरवणारा फोर-वे व्हॉल्व्ह उलट्या बाजूला बसलाय. नॉर्वेत दहातल्या सहा इमारतींत हीट पंप आहेत, स्वीडन आणि फिनलंडमध्ये दहातल्या चारांहून अधिक. हे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये सांगितलेले आकडे. युरोपातल्या अतिशय गारठलेल्या या तीन देशांत हीट पंपांचे प्रमाण सर्वांत जास्त आहे. ‘थंडीत चालत नाही’ हे वाक्य तिथे म्हणून दाखवा, लोक स्वेटर न घालता तुमचे ऐकून घेतील.

अमेरिकेत मात्र तुम्ही फार हिकमतीने शिरलात. तिथल्या अनेक हीट पंपांच्या पोटात मदतीला म्हणून कॉइल बसवलेली असते, ‘ऑक्झिलरी हीट’ नावाने. थर्मोस्टॅट चुकीचा लावला, किंवा बसवणाऱ्याने यंत्र लहान निवडले, की कॉइल तासन्‌तास पेटून राहते. महिन्याच्या शेवटी बिल बघून घरमालक कपाळाला हात लावतो आणि शिव्या देतो कोणाला? हीट पंपाला. खाल्ले तुम्ही, आळ त्याच्यावर. न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंत कितीतरी मराठी घरांतून ही तक्रार येते. त्यांना माझा एकच सल्ला: आधी बघा, बिल खाणारी कॉइल आहे की कॉम्प्रेसर.

आता तुमच्यावरचे मोठे आरोप. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात हिमवादळ आले. दहातली जवळजवळ सहा घरे तिथे विजेवर तापतात आणि त्यांतली पुष्कळशी तुमच्यावर. पारा कोसळला तशी मागणी वर गेली, आणि त्याच वेळी गॅसच्या वाहिन्या आणि वीजकेंद्रे गोठली. पुरवठा कोसळण्याचा मुख्य दोष त्या गोठलेल्या गॅसचा आणि केंद्रांचा, तो मी तुमच्या माथी मारत नाही. पण मागणीचा जो डोंगर उभा राहिला, त्यात तुमचा वाटा मोठा होता. दिवसेंदिवस अंधारात आणि गारठ्यात माणसे राहिली. राज्याच्या आरोग्य विभागाने २४६ मृत्यू मोजले. त्यांत कितीजण आपल्याच घरात गारठून गेले!

फ्रान्समध्ये तुम्ही भिंतीभिंतीला लटकला आहात. तिथे हिवाळ्यात तापमान एक अंशाने उतरले की देशाची विजेची मागणी सुमारे २,४०० मेगावॉटने चढते. आकडा मोठा वाटत नसेल तर असे सांगतो: चंद्रपूरच्या अख्ख्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. एका अंशाला जवळजवळ एक चंद्रपूर.

चंद्रपूरचे नाव आले म्हणून थांबतो, कारण हे मला टोचते. महाराष्ट्राची वीज अजून मुख्यतः कोळशावर आहे. केंद्रात कोळसा जळतो तेव्हा त्याच्या उष्णतेतली साधारण एक तृतीयांश विजेत उतरते, उरलेली कुलिंग टॉवरमधून आणि धुराड्यातून निघून जाते. ती एक तृतीयांश वीज तारांवरून पनवेलला येते, आणि तुम्ही तिची पुन्हा उष्णता करता. म्हणजे पाणी तापवायला आधी तिप्पट उष्णता जाळायची, तिची वीज करायची, आणि विजेची परत उष्णता. राख चंद्रपूरच्या माणसाच्या छातीत जाते, उन्हाळ्यात ४५ च्या वर गेलेल्या त्या शहरात. अंघोळ इथल्या माणसाची होते. हीट पंप लावला तर कोळशातून गमावलेली उष्णता हवेतून परत मिळते आणि हिशेब जमतो. लडाखमध्ये तर हे उघड्या डोळ्यांनी दिसते. जिथे वीज डिझेलच्या जनरेटरवर होते तिथे तुम्हाला लावणे म्हणजे घाट चढून आलेल्या टँकरमधले दोन तृतीयांश इंधन हवेत सोडणे.

आणि आमच्या दारात काय चालले आहे? उरणला बोकडविऱ्याला महानिर्मितीचे वायू विद्युत केंद्र आहे, ६७२ मेगावॉटचे. त्यातले २४० मेगावॉट कशातून येतात माहीत आहे? गॅस टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या गरम धुरातून. तो सोडून न देता त्यावर पाण्याची वाफ करतात आणि १२० मेगावॉटचे दोन संच फिरवतात. तिथले इंजिनिअर धुरातली उष्णतासुद्धा फुकट जाऊ देत नाहीत. आणि तिथून जवळ द्रोणागिरीत, तसेच उलव्यात, सिडकोच्या प्लॉटवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये एका भिंतीच्या अलीकडे एसी आणि पलीकडे तुम्ही. दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालला की तासाला सहा युनिटांहून अधिक उष्णता खिडकीबाहेर फेकतो. चौघांच्या घराला अंघोळीला लागते दिवसाला साधारण दोन युनिट: चार बादल्या, वीस-वीस लिटरच्या, २५ अंशांवरून ४५ वर न्यायच्या. म्हणजे एसी वीस मिनिटांत घरभराची अंघोळ खाडीच्या वाऱ्यावर सोडून देतो, आणि पहाटे तेवढीच उष्णता तुम्ही विजेपासून नव्याने बनवता. भिंत एक, बिल एक, आणि त्या बिलात दोन यंत्रे एकमेकांच्या विरुद्ध कामाला लागलेली. बिल्डरने गीझरचा पॉइंट दिला, एसीचा पॉइंट दिला, दोघांच्या मध्ये पाइप टाकायचे त्याला सुचले नाही, आणि तुम्ही गप्प राहिलात, कारण तुमचे त्यात भले होते.

बंदराचेच बोलायचे तर डेन्मार्कचे एसबियर्ग बघा. उत्तर समुद्रावरचे बंदर, आमच्यासारखेच. तिथले कोळशाचे केंद्र बंद झाले, आणि त्याच्या जागी समुद्राच्या पाण्यातून उष्णता उपसणारे प्रचंड हीट पंप आले, कार्बन डायऑक्साइड हाच गॅस म्हणून वापरणारे. सुमारे २५,००० घरांना ते ऊब देतात. हिवाळ्यात तिथल्या समुद्राला हात लावून बघा, झोंबतो. स्टॉकहोमच्या रोप्स्टेनला तर १९८० च्या दशकापासून १८० मेगावॉट उष्णता देणारे हीट पंप बाल्टिकच्या पाण्यावर चालू आहेत. नॉर्वेत द्रामेनला फ्योर्डच्या आठ-नऊ अंशांच्या पाण्यातून उष्णता काढून ९० अंशांचे पाणी करतात, गॅस अमोनिया. आमच्या खाडीचे पाणी बारा महिने त्याहून कितीतरी उबदार असते. आमच्या यार्डातले रिफर रात्रंदिवस झळ ओततात. बंदराच्या कँटीनला, कामगारांच्या न्हाणीघरांना, कंटेनर धुण्याला गरम पाणी लागते. ती झळ पाण्यात उतरवणे हे चंद्रावर जाण्याइतके अवघड काम नाही. ते करणारी माणसे याच तालुक्यात आहेत, त्यांच्या हातात गेज आणि पाना आहे, फक्त कोणी त्यांना विचारलेले नाही.

हीट पंपाची बाजू घेतो म्हणून मी त्याचे दोष झाकणार नाही. तो तुमच्यापेक्षा अनेक पट महाग पडतो आणि गरीब माणसाला एवढी रक्कम एकदम काढता येत नाही. तिथे सवलत हवी, हप्ता हवा. त्याचा पंखा आवाज करतो. त्याचा गॅस गळला तर वातावरणाला त्रास: आर-१३४एचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या हजाराहून अधिक किलोंइतका तापवतो. म्हणून अशा गॅसांचा वापर घटवणारी २०१६ ची किगाली दुरुस्ती झाली, भारताने ती २०२१ मध्ये मंजूर केली, म्हणून जग प्रोपेन आणि कार्बन डायऑक्साइडकडे वळते आहे. आणि भेसळीचा गॅस किती भयंकर असतो ते आमच्या धंद्याने २०११ मध्ये पाहिले आहे. बनावट आर-१३४ए भरलेल्या रिफरच्या कॉम्प्रेसरचे स्फोट झाले, माणसे गेली, जगभर रिफर बाजूला काढून तपासावे लागले. तेव्हापासून सिलिंडर आला की आम्ही आधी तपासतो, मग जोडतो. त्यामुळे चांगला मेकॅनिक, चांगला गॅस आणि गळती शोधायची शिस्त या तीन गोष्टींशिवाय हीट पंप घरी आणू नका असे मी लोकांना सांगतो. आयटीआयमध्ये एसी-फ्रिज शिकणाऱ्या पोरांना हे काम शिकवले तर उरण-पनवेलच्या पोरांना कंटेनरच्या बाहेरही भाकर मिळेल. तुमच्या कॉइलीने कोणाला असे कसब दिले? जळाली की फेकायची, नवी आणायची.

निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवून जागतात. तिथल्या प्लंबरने मला तोंडावर सांगितले, ‘आमच्या थंडीत हीट पंप नाही चालणार.’ त्याच बागेतली द्राक्षे चार दिवसांनी माझ्या यार्डात शून्य अंशावर, हीट पंपाच्याच भावाने सांभाळलेली, जहाजाची वाट बघत होती. पाच अंशांची हवा! त्या यंत्राला ती म्हणजे सपाट रस्ता. तो प्लंबर खोटारडा नाही, त्याला तसे सांगितले गेले आहे, आणि ज्यांनी सांगितले त्यांच्या गोदामात तुम्ही थप्प्या लावून बसला आहात.

म्हणून हे पत्र. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडतो आहे. शंभर घरे, घरटी रोजची दोन युनिट म्हणजे महिन्याला ६,००० युनिट फक्त अंघोळीची. गच्चीवर मोठ्या टाकीसह हीट पंप बसवायचे, खाली येणारी गरम पाण्याची लाइन नीट इन्सुलेशन करून घ्यायची आणि वापर साधारण २,००० वर आणायचा. उरलेल्या ४,००० युनिटांच्या पैशातून कर्जाचा हप्ता जातो की नाही, याचा कागद मी सेक्रेटरींकडे दिला आहे. सूचक मी आहे, अनुमोदक मिळाला आहे. तुमच्या बाजूने कोणाला बोलायचे असेल तर जरूर बोलावे, पण ‘थंडीत चालत नाही’ या एका वाक्यावर नाही; आकडे घेऊन यावे.

कळावे.

तुमचे बिल आजवर भरत आलेला,
न्हावा शेव्यातला एक रिफर मेकॅनिक